आदोबोची हंडी बोलतेय

मी फिलिपिन्समधल्या आलिंग कोरिंगच्या, म्हणजे कोरिंगमावशीच्या, खानावळीतली मातीची हंडी बोलतेय. अॅल्युमिनियमच्या पातेल्यांना व्हिनेगर सोसत नाही, म्हणून लसूण-मिरी घातलेला डुकराच्या मांसाचा आदोबो माझ्यातच शिजतो. नदीकाठच्या चिकणमातीची मी, पेंढ्याच्या जाळात भाजलेली. कोरिंगनं मला बाजारातून आणलं, तांदळाच्या धुवणात उकळून पक्कं केलं आणि चुलीवर चढवलं.

कोरिंगला एक खोड होती. माणूस दिसला की ती त्याचा पदार्थ ठरवायची.

"आणि मी गं, आलिंग कोरिंग?" जीपवाला दादो विचारायचा.

"तू दिनुगुआन! रक्ताचं कालवण. बघून लोक दचकतात, पण एकदा जेवले की ताट चाटून पुसून ठेवतात."

नगरसेवक म्हणजे तिच्या लेखी हालो-हालो, ते किसलेल्या बर्फाचं गोडधोड. वर सगळी रंगीत मजा, बर्फ वितळला की नुसतं गोड पाणी. खानावळ खिदळायची. मलाही गंमत वाटायची, खोटं कशाला बोलू?

तिला दोन मुली. नवरा समुद्रात गेला तो परतलाच नाही, तेव्हा एकीनं परदेशी घरकामाला जायचं ठरलं. कोणी? कोरिंगला विचारच करावा लागला नाही.

"जोवी माझी सिनिगांग. ते आंबट सार गरम आहे तोवरच खरं, निवलं की संपलं. अर्लिन मात्र आदोबो! कुठंही न्या, कितीही ठेवा, नासायची नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. अर्लिनही हसली. प्रवासाला आदोबोच बांधून द्यायची आमच्याकडे रीत, तशी तिला बरणी भरून दिली.

दोन वर्षांनी ती सुट्टीवर आली. कोरिंगनं हौसेनं माझ्यात आदोबो रांधला. अर्लिननं घासही उचलला नाही.

"काय गं, विसरलीस की काय आपली चव?"

"आई, पहिल्याच महिन्यात मी मोडले होते. न्हाणीघरात नळ सोडून रडायचे. पण फोन उचलला की तू म्हणायचीस, 'कशी आहे माझी आदोबो?' मग सांगणार काय?"

कोरिंगनं तिच्यासमोरचं ताट बाजूला सारलं. म्हणाली, "नको जाऊ."

"पुढच्या करारावर सही झालीय, आई. आणि जोवीच्या नर्सिंगची फी अजून एक वर्ष भरायचीय."

निघायच्या दिवशी पहाटे कोरिंगनं पुन्हा मला चुलीवर ठेवलं. व्हिनेगर ओतल्यावर उकळी येईपर्यंत ढवळायचं नाही, हे इथं शेंबडं पोरही जाणतं. ती मात्र ढवळत राहिली, ढवळतच राहिली. रस कच्चट आंबट झाला. तिनं चाखलाही नाही. मला फार वाईट वाटलं, पण हंडीनं हात कसा धरायचा?

आता माझ्या बुडाला तडा गेलाय, फार दिवस टिकणार नाही मी. दादो अजून चेष्टेनं विचारतो, "आज मी कोण?" कोरिंग म्हणते, "भूक लागलीय ना? मग बस, जेव." बाबांनो, तुमच्याही घरात एखादी न नासणारी असेल. अधूनमधून तिचं झाकण काढून बघत जा.

काल अर्लिनचा फोन आला. कोरिंगनं विचारलं, "आज रडलीस का गं?"

पलीकडून "हो" आलं. कोरिंगनं गिऱ्हाईक तसंच ताटकळत ठेवलं, चूल विझवली आणि खाली बसून ऐकू लागली.