रूपालीच्या तोंडावरची पोपटी ओढणी

मित्रांनो, मी एक जुनी ओढणी आहे. रंग पोपटी. म्हणजे एके काळी पोपटी होता. आता माझ्यावर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे पांढुरके डाग आहेत. ते कसे पडले ते सांगतेच. पण आधी एक गोष्ट कबूल करून टाकते. माझ्या मालकिणीच्या चेहऱ्याचे जे हाल झाले, त्यात माझाही वाटा होता. उगाच दुसऱ्यावर ढकलण्यात काय अर्थ?

माझा जन्म भिवंडीच्या एका यंत्रमागावर झाला. तिथून गठ्ठ्यात बांधून मी कशेळ्याच्या बाजारात आले आणि एका दुकानाच्या दाराशी लटकत राहिले. रूपाली तेव्हा दहावीत होती. डोंगरावरच्या ठाकरवाडीतून ती आईबरोबर बाजाराला उतरली होती. तिची आई ठमी करवंदांची पाटी विकून मोकळी झाली होती. रूपालीने दहा ओढण्या उलगडल्या, दुकानदार वैतागला, तेव्हा कुठे ती माझ्यावर येऊन थांबली.

"हीच घे गं आये. सुती हाय, मऊ हाय."

झालं! मी वाडीवर गेले आणि पडेल ते काम करू लागले. उन्हात डोक्यावर, धुळीत नाकावर. रानात गेलो की माझ्याच पदरात करवंदं बांधायची, जीपमध्ये बसताना माझ्यानेच सीट पुसायची, आणि घाम आला की मीच. धुणं आठवड्यातून एकदा, तेही जमलं तर. मला त्याचं काही वाटत नसे. कामाच्या कपड्याला कसले आलेत नखरे!

बारावीत रूपालीच्या चेहऱ्यावर मुरमं आली. आधी कपाळावर, मग गालांवर, मग हनुवटीवर. मित्रांनो, मुरूम येणं हा काही गुन्हा नव्हे. त्या वयात त्वचेतलं तेल वाढतं, बारीक छिद्रं तुंबतात आणि पुळ्या येतात. शेजारणी मात्र डोळे बारीक करून बघायच्या. मग रूपाली मला तोंडाभोवती आवळून बांधू लागली. फक्त डोळे तेवढे बाहेर. लोकांना वाटे, पोरगी धुळीला जपते. आरशासमोर गाठ मारताना ती म्हणायची, "तू हायस म्हणून बरं हाय गं बाय." हे ऐकून मी अशी फुगायचे की विचारू नका.

बारावीनंतर तिला कर्जतला डी.एड.ला प्रवेश मिळाला. वाडीतली पहिली शिक्षिका होणार म्हणून ठमीने घरोघर गूळ वाटला. डी.एड.च्या मुलींना खऱ्या शाळेत जाऊन सराव पाठ द्यावे लागतात. रूपालीला एका वाडीवरच्या शाळेतला पहिलीचा वर्ग मिळाला. तिथे कोंडी नावाची एक चिमुरडी अगदी पुढे बसायची. पहिल्याच दिवशी तिने हात वर केला.

"बाई, तुमाला कांजण्या आल्यात का?"

सगळा वर्ग हसला. कोंडीच्या मनात काही वाईट नव्हतं हो, तिच्या भावाला नुकत्याच कांजण्या येऊन गेल्या होत्या. पण रूपालीला ते फार लागलं. पुढच्या पाठाला ती मला बांधूनच उभी राहिली. आता माझ्याआडून 'प' काय आणि 'ब' काय, सगळं सारखंच. वाडीतल्या मुलांची घरची बोली निराळी. ती बाईंचे ओठ बघून आवाज काढायला शिकतात. पोरं गप्प बसून राहिली. पाठ तपासायला मागे बसलेल्या कॉलेजच्या श्रद्धा मॅडमनी पाठ झाल्यावर तिला बाजूला घेतलं.

"हा पाठ मी धरणार नाही, रूपाली. मुलांना तुझं तोंड दिसलं पाहिजे. मार्चपर्यंत उघड्या चेहऱ्याने हा पाठ पुन्हा दे. नाहीतर वर्ष जाईल तुझं."

घाबरून रूपालीने भलतंच केलं. घरात गजकर्णाच्या मलमाची ट्यूब पडलेली होती. अंगावरचे चट्टे त्याने जातात, मग पुळ्या का नाही जाणार, असा तिचा हिशोब. आठवडाभरात चेहरा लख्ख झाला! ती आनंदाने नाचली. ट्यूब संपली आणि मग दुपटीने पुळ्या आल्या, कातडी लाल झाली, ऊन लागलं की आग आग व्हायची. रूपालीने कॉलेजला जाणंच बंद केलं.

ठमी कर्जतच्या बाजारपेठेत रानभाज्या विकायची. तिच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत डॉक्टर ईशानी होत्या, त्वचेच्या डॉक्टर. एकदा भाजी घेता घेता त्यांनी सहज विचारलं, "काय म्हणतात आमच्या होणाऱ्या बाई?"

"कसल्या बाई न् काय! तोंडावर पुळ्या आल्यात म्हणून घरात बसलीय. जेवत पन नाय धड," ठमी म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्याच दिवशी ती लेकीला ओढत दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी ट्यूब पाहिली आणि कपाळावर हात मारला. ओरडल्या मात्र नाहीत. या मलमात स्टेरॉइड असतं, ते तोंडाला लावायचं नसतं, एवढंच म्हणाल्या. त्यांनी एका कागदावर रोजचा नेम लिहून दिला आणि वाचूनही दाखवला. सकाळ-संध्याकाळ औषधी फेसवॉशने हलक्या हाताने तोंड धुवायचं, खसाखसा घासायचं नाही. मग तेल नसलेलं साधं क्रीम. बाहेर पडताना उन्हापासून वाचवणारं क्रीम. झोपताना मुगाच्या दाण्याएवढं मलम, तेही नुसत्या पुळीवर नाही, डोळे आणि ओठ सोडून सगळ्या चेहऱ्याला पातळ. डोक्याचं तेल कपाळावर उतरू द्यायचं नाही. आणि पुळी फोडायची नाही म्हणजे नाही!

"किती दिवसांत जाईल?" रूपालीने विचारलं.

"दिवस नाही, महिने. दोन-तीन तरी. सुरुवातीला जरा कोरडं पडेल. सोडून देऊ नकोस."

रूपाली कॉलेजला पुन्हा जाऊ लागली, अर्थात मला बांधूनच. नेम तिने एक दिवस चुकवला नाही. महिनाभराने कपाळ बरंच निवळलं. गाल आणि हनुवटी मात्र जशीच्या तशी. रूपाली रडकुंडीला येऊन पुन्हा दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी तिचा चेहरा नीट पाहिला, मग त्यांची नजर तिच्या मांडीवर गेली. तिथे मी होते.

"ही दिवसभर तोंडाला असते?"

"हो."

"धुतलीस कधी?"

डॉक्टरांनी मला उचलून उजेडात धरलं. घामाचे थर, जीपची धूळ, करवंदांचा चीक, सगळं माझ्या अंगावर होतं. "अगं, सकाळी स्वच्छ तोंड धुतेस, औषध लावतेस आणि वर हे गुंडाळतेस? मुरमं आणखी येणार नाहीत तर काय?"

शरमेने माझं पाणी पाणी झालं. जिला मी झाकत होते, तिलाच मी छळत होते. नेमका माझ्याखालचाच भाग बरा होत नव्हता.

त्या दिवसापासून मला रोज साबणाने धुणं सुरू झालं. जोडीला दुसरी ओढणी आली. एक दिवस ती, एक दिवस मी. बांधायचं ते फक्त येता-जाता, जीपच्या धुळीपुरतं, तेही सैल. करवंदांना वेगळं फडकं. ते फेसवॉश कापडाचा रंग खातं. ओल्या तोंडाला मी लागले की तिथला रंग जाई. असे हे डाग पडले. पडेनात का! तिची हनुवटी निवळत होती.

मार्च उजाडला. नव्या पुळ्या तुरळक होत्या, पण जुन्यांचे काळे डाग अजून होते. रूपाली वर्गाच्या दारात उभी राहिली. मागे श्रद्धा मॅडम वही उघडून बसल्या होत्या. रूपालीचा हात माझ्या गाठीवर आला आणि तिथेच थांबला. मी मनात म्हटलं, सोड गं बाई, आता सोड मला!

तिने गाठ सोडली, माझी घडी घातली आणि मला खिडकीच्या गजावर ठेवलं. पोरं टकामका बघू लागली. कोंडीने हात वर केला.

"बाई, दुखतंय का?"

"आता नाय दुखत. औषध चालू हाय," रूपाली म्हणाली. "माझ्या ओठांकडं बघ. प."

कोंडीने ओठ घट्ट मिटले आणि उघडले. "प!"

मागून सगळा वर्ग "प!" म्हणाला. श्रद्धा मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि हसून मान डोलावली. पाठ धरला गेला.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. मला बांधा, ऊन आहे, धूळ आहे, मी त्यासाठीच आहे. पण मला रोज धूत जा. दुसऱ्याची ट्यूब तोंडाला फासू नका, डॉक्टरांना विचारा आणि दोन-तीन महिने धीर धरा. आणि लाजेपोटी माझ्याआड राहू नका. तेवढं काम मला सांगू नका.

त्या दिवशी खिडकीच्या गजावरून मी रूपालीला शिकवताना पाहत होते. इतकी वर्षं मी त्या चेहऱ्याला चिकटून राहिले, पण तो समोरून, पुरता, असा मी कधी पाहिलाच नव्हता. फार गोड हसते हो ती.