गुरुजींच्या शेजारची जागा

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. रोलवर चालणारा. जवळा बाजारला जगनच्या फोटो स्टुडिओत, कपाटाच्या काचेआड बसलेला. म्हातारपणी राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही.

कारखान्यात जन्मलो, पण डोळा उघडला तो इथेच. नवरानवरी, पोळ्याचे बैल, शाळेचे वर्ग, सगळं टिपलं. जगन मऊ फडक्यानं मला पुसायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, याच्यात कसंबी तोंड झ्याक येतं.

आपला हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी जगनच्या तांड्याच्या फाट्यावर वसराम गुरुजींचा पुतळा बसला. तांड्यात जन्मून त्यांनी तांड्याच्या गोष्टी लिहिल्या, आणि त्या लांबलांब वाचल्या गेल्या. पुतळा मात्र जगावेगळा. ना चौथरा, ना उगारलेलं बोट. लिंबाखाली जमिनीवर गुरुजी मांडी घालून बसलेले, आणि शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी. ती धुरपताबाईंची, त्यांच्या बायकोची. बाईंना अक्षर येत नसे. तरी प्रत्येक गोष्ट गुरुजी आधी त्यांनाच वाचून दाखवत, आणि त्या खुशाल सांगत, हे खोटं वाटून राहिलं, काढा. गुरुजी काढत.

दोघांचा जोडीनं फोटो मात्र कधी निघाला नव्हता. गुरुजी गेले, तो राहूनच गेला. पुतळ्याशेजारी बसवून तो काढायचा, असं जगननं धुरपताकाकींना कबूल केलं होतं.

उद्घाटनाला पुढारी साहेब आले, सोबत त्यांचे कार्यकर्ते. पांढऱ्या कपड्यांना माती लागेल म्हणून फोटोला कुणी खाली बसेना. मला काय दिसलं सांगू? गुरुजींचं तोंड साहेबांच्या गुडघ्याशी, आणि त्या मोकळ्या जागेत साहेबांचे बूट.

धुरपताबाई पुढे आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "साहेब, ती माझी जागा हाय. फोटो काढायचा तर तुमी बी खाली बसा."

"आधी आमचं होऊ द्या, मावशी," म्हणत एका कार्यकर्त्यानं त्यांना हातानं बाजूला केलं. त्यांचं होता होता माझ्या पोटातला रोल संपला.

दुसऱ्या दिवशी तो फोटो पेपरात आला आणि तांडा खवळला. आमचा माणूस पुढाऱ्याच्या पायाशी काहून? राग बराबर होता, उपाय चुकला. साहेबांना खाली बसवणं कुणाला जमणार? म्हणून पुतळ्याच्या समितीनं गुरुजींनाच वर चढवायचं ठरवलं. जगन धुरपताबाईंच्या फोटोसाठी नवा रोल भरून धावला, तोवर पुतळा पोत्यात गुंडाळलेला होता.

पोती सुटली तेव्हा गुरुजी उंच चौथऱ्यावर, भोवती लोखंडी कठडा. शेजारची जागा तर वर नेलीच नव्हती. जगन चाचरत म्हणाला, "काकी, खाली पायरीवर बसा. दोघंबी येतान फोटोत."

धुरपताबाईंनी मान वर करून बराच वेळ पाहिलं.

"आमी एकमेकाच्या पायाशी कधी बसलो न्हाई, जगन. झाक तुझं मशीन."

जगननं माझ्या डोळ्यावर झाकण लावलं ते पुन्हा काढलं नाही; गिऱ्हाइकांसाठी दुसरा कॅमेरा घेतला. पुढे बिनरोलचे कॅमेरे आले आणि मी काचेआड गेलो.

मला जपा, असं मी म्हणणार नाही. मला जपलंच आहे. पण मित्रांनो, कुणाचा मान करावासा वाटला, तर आधी कपड्यांना माती लागू द्या. आणि शेजारी बसण्याआधी विचारा, ही जागा कुणाची आहे.

तो नवा रोल अजून माझ्या पोटात आहे. कोरा.