माझ्या एकट्यावर जाऊ नका

मी शेणकिडा बोलतोय. नाक मुरडू नका. तुमच्या गाईंनी मागे टाकलेलं आम्हीच आवरत आलो, आणि कधी उपकार बोलून दाखवले नाहीत.

या कोरड्या माळावर मातीखाली, शेणाच्या गोळ्यात माझा जन्म झाला. बाहेर आलो तर शेणाचा ताजा पो पडलेला आणि त्यावर आमची सगळी भावकी जमलेली. ढकलाढकली, भांडणं, सगळं यथासांग. चार दिवसांत पो पोकळ व्हायचा, शेण मातीत जायचं आणि पुढे तिथंच गवत तरारायचं.

गाईंच्या म्हाताऱ्या मालकाला हे ठाऊक होतं. गुरं पुन्हा त्या अंगाला न्यायची का, हे तो पायाच्या अंगठ्याने पो उलटून ठरवायचा. खाली आम्ही वळवळलो की स्वारी खूश. मामंजींचा ज्योतिषी शेणात बसतो, असं म्हणून सून हसायची.

मग एका वासराला जंत झाले. सुनेचा त्याच्यावर फार जीव. तिने औषध आणून त्याला पाजलं, इतरांना त्रास नको म्हणून सगळ्या गुरांना पाजलं, आणि पाजतच राहिली. वासरू उड्या मारू लागलं. तिचं तरी काय चुकलं? पण ते औषध शेणातून आमच्या घरात आलं. आम्ही मोठे कसेबसे तगलो. पोरं मात्र गोळ्यातच मेली. माझ्या जोडीदारणीने शेवटचं अंडं घातलं, आम्ही गोळा पुरला, आणि काही दिवसांत तीही गेली. मी अजून त्या गोळ्याजवळ बसून आहे. आत काही हलत नाही. फार एकटं वाटतं हो.

आता माळभर पो ताटांसारखे वाळून पडलेत आणि गवत त्यांच्याखाली गुदमरतंय. म्हातारा म्हणू लागला, माळ संपला असेल तर गुरं उपाशी मरायच्या आत इथून निघू.

आज दोघं बघायला आले. त्याला नीट दिसत नाही, म्हणून सून पो उलटत होती. एक झाला, दुसरा झाला, कितीतरी झाले. शेवटी एकाखाली, पुरलेल्या गोळ्यावरच्या मातीत, मी सापडलो.

"एक आहे, मामंजी."

म्हातारा खाली बसला. त्याने मला तळहातावर घेतलं. मी जीव खाऊन त्याच्या कातडीत पाय रोवले.

"बघ पोरी, जोर किती आहे अंगात," तो म्हणाला. "माळ जिवंत आहे. नाही जायचं कुठं."

मला अलगद खाली ठेवून त्याने गुरांना हाक मारली. सून औषधाची बाटली घेऊन पुढे झाली.

बाबा, तो जोर नव्हता, मी सांगत होतो. माझ्यावर जाऊ नका. माझ्यामागे कुणी नाही. इथंच, तुमच्या पायाशी माती उकरा आणि तो गोळा फोडून बघा.