सील लागलेली ताडपत्री

मित्रांनो, मी लासलगावच्या कांद्याच्या ट्रकवरची एक जुनी ताडपत्री आहे. रंग निळा, ठिगळं सात. स्वभाव शांत होता, आता नाही.

कारखान्यात मला एकच काम शिकवलं, पाऊस अडवणं. बाकीचं शिक्षण खळ्यावर झालं. तिथे लताबाई धरून तीस बाया कांदा निवडून गोण्या भरत. कांदा श्वास घेतो हे मला त्यांच्याकडून कळलं. म्हणून ड्रायव्हर वाल्मीक दर ढाब्यावर माझी कड वर करायचा. आधी कांद्याला वारा, मग स्वतःला चहा. बारा वर्षांत माझ्याखाली एक गोणी सडली नाही. कौतुक कुणी केलं नाही, पण ताडपत्रीला सवय असते.

यंदा शेजारच्या देशाशी आपलं बिनसलं. खळ्याच्या मालकाने सांगून टाकलं, "हा ट्रक पलीकडे गेला तर काम चालू, नाहीतर कुलूप."

लताबाईने माझी दोरी आवळली. "वाल्मीकभाऊ, वारा देत जा. तीस घरं हायेत यात."

"ताई, बायकोपेक्षा जास्त जपतो मी कांद्याला."

"म्हणून तर ती माहेरी हाय."

सरहद्दीवर दोन्हीकडच्या साहेबांची बैठक व्हायची होती. ती कुणाच्या हद्दीत घ्यायची, हे ठरवायला आधी दुसरी बैठक हवी होती. तोवर सुरक्षा म्हणून नाक्यावरच्या साहेबांनी माझ्या दोरीला सील ठोकलं.

"साहेब, आत कांदा हाय. गुदमरंल," वाल्मीक म्हणाला.

"आत काय आहे ते सील उघडल्यावर कळेल. आणि सील उघडता येत नाही."

"मी सांगतो ना, कांदा हाय."

साहेबांनी लिहून घेतलं : चालकाला आतली माहिती आहे, संशयास्पद.

मग ऊन. ज्यांना मी जन्मभर जपलं, त्यांना मीच उकडलं. कोंब फुटून मला खालून टोचू लागले. नवव्या दिवशी सरहद्दीचं फाटक उघडलं, कारण सण होता. दोन्हीकडच्या साहेबांनी मिठाईचे डबे बदलले. व्यापार दिसावा म्हणून फोटो आमच्या ट्रकसमोर काढला, नाकाला रुमाल लावून. डबे कुणी तपासले नाहीत. फाटक पुन्हा बंद.

सोळाव्या दिवशी माल परत न्यायला सांगितलं. परत न्यायला माल उरला नव्हता, पाणी उरलं होतं. वाल्मीकने दोरी कापली आणि तो रस्त्याच्या कडेला बसून राहिला. साहेबांनी मला मात्र नीट निरखलं आणि शेरा मारला : सील शाबूत.

मित्रांनो, शेवटी मी म्हणायला हवं की ताडपत्रीची काळजी घ्या. घेतली की त्यांनी. माझी एकटीचीच घेतली. तुमच्यातले काही जण उद्या साहेब होतील. शेजाऱ्याशी बोलायचं ते आधी बोलून घ्या. मिठाई नंतर खा.

खळ्याला आता कुलूप आहे. मालक येईल या आशेने लताबाई खळ्याच्या दारासमोर मला अंथरून बसते. काल तिने माझ्या दोरीच्या तुकड्यावरचं ते सील दगडाने ठेचून पाहिलं. बराच वेळ ठेचलं.

"लय मजबूत हाय," ती म्हणाली, आणि पुन्हा दगड उचलला.