शिवलेला खिसा

मास्तरांची शिलाई उसवत नाही, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. आणि त्याचा तोरा सगळ्यात जास्त खुद्द मास्तरांनाच होता. माणसाला एकदा आपल्या हाताचा गर्व चढला ना, की तो नको तिथेही टाके घालत सुटतो.

मास्तरीणबाईंना गांधीलमाशी चावली की जिवावर बेतायचं. दोन वर्षांपूर्वी मरणाच्या दारातून परत आल्या होत्या. तेव्हापासून डॉक्टरांनी इंजेक्शनचं पेन दिलेलं. टोपी काढायची, मांडीला बाहेरच्या बाजूने कपड्यावरूनच दाबून धरायचं, औषध आपोआप आत जातं. पण बाई पक्क्या विसराळू. पेन कधी कपाटावर, कधी चष्म्याच्या डबीपाशी. शेवटी त्या सकाळी मास्तरांचं डोकं फिरलं. त्यांनी पेन बाईंच्या कुर्त्याच्या खिशात घातलं आणि खिशाचं तोंड मशीनवर शिवून टाकलं. तेही दुहेरी, जाड दोऱ्याने.

"अहो, वेळ आली तर काढायचं कसं?"

"कात्री दिवसभर माझ्या हातात असते. आता विसरून दाखव!"

"मलाच शिवून टाका एकदा," बाई म्हणाल्या आणि मुकाट्याने कुर्ता चढवला.

दुपारी दोघं नवव्या मजल्यावर पडद्यांचं गाठोडं पोचवायला निघाली. पडदे सकाळभर गॅलरीत उन्हात टांगलेले होते. लिफ्ट सहाव्या-सातव्याच्या मध्ये गचका देऊन थांबली. मास्तरांनी घंटी दाबली. खालून वॉचमन ओरडला, "मेकॅनिकला बोलावतोय, दहा मिनिटं!"

बाई गाठोड्यावर टेकल्या आणि किंचाळल्या. पडद्याच्या घडीतून गांधीलमाशी निघाली होती. मास्तरांनी ती चपलेने चिरडली खरी, पण ती आपलं काम उरकून गेली होती. मानेवर चावलेली.

"अगं, घाबरू नकोस," म्हणत मास्तरांनी कमरेला हात घातला. कात्री नव्हती. कात्री दुकानात, कापडाच्या टेबलावर. गळ्यात नुसता टेप लोंबत होता. मास्तरांची पाचावर धारण बसली.

बाईंच्या अंगावर गांधी उठल्या. ओठ सुजले. आवाज घोगरा झाला. "अहो... गळा आवळतोय."

मास्तरांनी बाईंना गाठोड्याला टेकवून बसवलं, पाय लांब केले आणि खिशाला हात घातला. कापडातून पेन बोटांना लागत होतं, टोपीसकट. हाताशी होतं आणि हाती येत नव्हतं! त्यांनी खिसा ओढला. ढिम्म. कॉलरला टोचलेली सुई काढून टाक्यात घातली, ती मोडली. किल्ली घासली, ती घसरली. चार भिंती, बंद दार, आणि त्या सगळ्याहून घट्ट त्यांची स्वतःची शिलाई. जन्मभर कौतुक केलेल्या त्या शिलाईला मास्तरांनी आईबहिणीवरून शिव्या घातल्या.

बाईंच्या श्वासाची शिट्टी वाजायला लागली.

"दातांनी दोरा तोडू नका," असं बाई तीस वर्षं बजावत आल्या होत्या. मास्तर गुडघ्यांवर बसले आणि खिशाला दात लावले. एक टाका. दुसरा. हिरडीतून रक्त आलं. चौथ्या टाक्याला कापडच टर्रकन फाटलं आणि पेन मांडीवर घरंगळलं.

टोपी काढली. आयुष्यभर सुई चालवलेली, पण माणसात कधी नाही. "माफ कर गं," म्हणाले आणि बाहेरच्या बाजूने मांडीवर कचकन दाबलं. खट्. मोठ्याने आकडे मोजत दाबून धरलं. मग बंद दाराकडे तोंड करून ओरडले, "ॲम्ब्युलन्स बोलवा! मेकॅनिक मरू दे, आधी ॲम्ब्युलन्स!"

लिफ्टचं दार उघडेपर्यंत शिट्टी हळूहळू उतरली होती. बाईंना आडवंच उचलून नेलं. गाडीत ऑक्सिजन लावताना परिचारिकेने वेळ लिहून घेतली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पेन जवळच होतं म्हणता. मग द्यायला इतका उशीर?"

बाईंनी मास्क जरा बाजूला केला. "लिफ्ट बंद पडली हो," त्या पुटपुटल्या. "यांचा काही दोष नाही."

मास्तरांनी ओठावरचं रक्त बाहीला पुसलं.

"लिफ्टचं नाव कशाला?" ते म्हणाले. "पेन हिच्या खिशातच होतं. मीच तो खिसा शिवला होता."