आठाचं शून्य

मित्रांनो, मी एका वजनकाट्याचा जुना डिस्प्ले आहे. लाल आकडे दाखवणं, एवढंच माझं काम. माझा प्रत्येक आकडा सात रेघांचा. सातही पेटल्या की आठ होतो, आणि त्यातली फक्त मधली विझली की त्याच आठाचं शून्य होतं.

किराणा दुकानात मी पुष्कळ वर्षं काढली. दुकानदार रोज सकाळी मला फडक्यानं पुसायचा आणि हा कधी चुकत नाही, असं गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायचा. मग माझ्या शेवटच्या आकड्याची मधली रेघ लपंडाव खेळू लागली. गिऱ्हाइकं कुरकुरू लागली, आणि ज्यानं मला डोक्यावर घेतलं होतं त्यानंच मला भंगारात टाकलं. मला फार वाईट वाटलं.

तिथून मला एका बाईंनी उचललं. बाई टेलिफोन खात्यात लाइनी तपासायच्या. निवृत्त झाल्या, तरी हाताला चैन नव्हतं. लॅपटॉपच्या मेलेल्या बॅटऱ्या फोडायच्या आणि मीटर लावून त्यातले जिवंत सेल निवडून काढायचे, हा त्यांचा गॅलरीतला उद्योग. शेजारणी त्यांना भंगारवाली म्हणून चिडवायच्या. बाई हसून सोडून द्यायच्या.

त्यांच्या यजमानांचं नाव मला अजून माहीत नाही. बाई त्यांना 'अहो' म्हणतात, म्हणून मीही अहोच म्हणतो. अर्धांगवायूनं अहोंची वाचा गेली होती आणि उजवा हातही. डाव्या हाताचं बोट घंटीच्या बटणावरून घसरायचं. म्हणून बाईंनी जुन्या फोनची गोल तबकडी आणली. तिच्या भोकात बोट नीट अडकतं. तबकडी, तीन सेल आणि मी, असं आमचं बिऱ्हाड पलंगाशेजारी थाटलं गेलं. अहो तबकडीवर जो आकडा फिरवतील, तो मी दाखवायचा. भिंतीवर पुठ्ठा लावला: एक म्हणजे पाणी, दोन म्हणजे चष्मा, शून्य म्हणजे काही नको. आठ रिकामा राहिला होता. बाईंनी तिथे जरा लाजतच लिहिलं, 'जवळ बस'.

सेल भरलेले होते तोवर माझी रेघ पेटत राहिली. आठवडाभरात ते उतरले आणि ती पुन्हा विझली. अहो आठ फिरवायचे, मी शून्य दाखवायचो. ते बघून अहो जोरजोरात मान हलवायचे, म्हणजे हे नव्हे. बाईंना वाटायचं, नकोच म्हणतायत.

"नको तर नको," एकदा त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं काय परक्या बाईबरोबर काढलीत?"

आणि गॅलरीत निघून गेल्या. अहोंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खोटं बोलत होतो आणि मला ते सांगता येत नव्हतं. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी अहोंनी तबकडीला हातच लावला नाही.

पाचव्या दिवशी दुपारी बाई पाठमोऱ्या उभ्या राहून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. अहोंनी शेवटचं म्हणून बोट अडकवलं. मित्रांनो, तबकडी मागे फिरताना आकड्याइतके टकटक आवाज करते. शून्याचे मात्र दहा. असे आवाज मोजण्यात बाईंचा जन्म गेला होता. त्यांचे हात थांबले. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी शून्य दाखवत होतो.

"टकटक तर आठच झाले," त्या हळूच म्हणाल्या. "अहो, आठ फिरवत होतात?"

अहोंनी मान हलवली, या वेळी वरखाली.

मला वाटलं, आता पुन्हा भंगार. पण बाईंनी मला हातही लावला नाही. घड्या तशाच टाकून त्या पलंगावर बसल्या आणि अहोंचा डावा हात मांडीवर घेऊन बराच वेळ रडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या रेघेला केसाएवढी तार जोडली आणि सेल भरून घेतले. आता माझा आठ आठच दिसतो.

जुन्या वस्तू टाकू नका, हे मी सांगणारच, त्यात माझा स्वार्थ आहे. पण मित्रांनो, घरातलं कुणी 'काही नको' म्हणालं, तर लगेच उठून जाऊ नका. त्यानं कदाचित आठ फिरवला असेल.