जमनाच्या पोटातला दुसरा ठोका

मित्रांनो, मी सागवानी लाकडाची एक जुनी नळी आहे. तुमच्या वितीएवढी माझी लांबी. एक टोक धोतऱ्याच्या फुलासारखं पसरट आणि दुसऱ्या टोकाला कान टेकवायला चपटी चकती. पसरट टोक गरोदर बाईच्या पोटावर ठेवायचं, चकतीला कान लावायचा आणि आतल्या बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकायचे, एवढंच माझं काम. दवाखान्यात मला फिटोस्कोप म्हणतात. पाड्यावरच्या बायका मला भोंगा म्हणतात आणि मला तेच नाव जास्त आवडतं.

डहाणूत पलंगाचे पाय कातणाऱ्या एका सुताराने मला बनवलं. मिशन दवाखान्याच्या त्या वेळच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला कागदावर माझं चित्र काढून दिलं होतं. मला पॉलिश करण्याआधी त्याने मला आपल्या झोपलेल्या मुलाच्या छातीवर ठेवलं, कान लावला आणि तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. माझ्यातून गेलेला तो पहिला ठोका.

तलासरीहून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचा कौलारू दवाखाना आहे. तिथे मी पुष्कळ वर्षं काम केलं. आधी डॉक्टरीणबाईंच्या हातात आणि त्यांच्यानंतर निर्मला सिस्टरच्या. निर्मला सिस्टर वसईच्या. त्या मला दर वेळी पोटावर ठेवण्याआधी तळहातावर घासून ऊब देत, म्हणजे बाईला गार लागू नये. पुढे दवाखान्यात विजेवर चालणारं यंत्र आलं. त्यातून ठोके सगळ्या खोलीला ऐकू येऊ लागले. बायका खूश झाल्या. मी खणात गेले. तिथे कापसाच्या गुंडाळ्या होत्या, मोडके चिमटे होते, ओल होती. माझ्या कडेला बारीक चीर पडली.

मग तो हिवाळा आला, ज्या हिवाळ्यात आमची जमीन गुरगुरू लागली.

खणात पडल्या पडल्या मला तो आवाज माणसांच्या आधी कळायचा. खालून खूप खोलवर काहीतरी घासल्यासारखा. पाठोपाठ कौलं वाजायची, फळीवरच्या बाटल्या एकमेकींवर आपटायच्या आणि सगळं गप्प व्हायचं. गप्प म्हणजे इतकं गप्प, की अंगणातल्या कोंबड्यासुद्धा मान वर करून उभ्या राहायच्या. लोकांनी घरात झोपणं सोडलं. पाड्यापाड्यांवर प्लास्टिकचे तंबू लागले. आमच्या दवाखान्यानेही तपासणीची खाट अंगणात, ताडपत्रीच्या तंबूत आणली.

अशा दिवसांत फिलिपिन्समधून नर्सिंग शिकणाऱ्या मुली आल्या. त्यांच्या चर्चने त्यांना सेवेसाठी पाठवलं होतं आणि इथला अनुभव त्यांच्या अभ्यासातही धरला जाणार होता. डहाणू रोड स्टेशनवरून मसोलीच्या सुनिल ड्रायव्हरने त्यांना जीपमधून आणलं. सकाळी त्या तंबूबाहेर उभ्या राहून हलक्या आवाजात गाणं म्हणत, प्रार्थना करत आणि मग कामाला लागत. जखमा धुणं, मुलांची वजनं घेणं, हात कसे धुवायचे ते दाखवणं. त्यांच्याबरोबर आलेल्या शिक्षिकेचा नियम कडक होता. निर्मला सिस्टर शेजारी असल्याशिवाय कोणीही कोणाला औषध द्यायचं नाही.

त्यांच्यातली मारिसेल सगळ्यांत अबोल. वीज गेलेली असताना कापूस शोधायला तिने खण उघडला आणि मी तिच्या हाती लागले.

"हे मी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं," ती म्हणाली. इंग्रजीत म्हणाली, पण मित्रांनो, इतकी वर्षं दवाखान्यात काढल्यावर तेवढं मला कळतं.

"चालतं अजून," निर्मला सिस्टर म्हणाल्या. "आज यंत्राला चार्जिंग नाही. घे, शिक."

तंबूत त्या वेळी जमना होती. तिचा नवरा डहाणूला मच्छीमार बोटीवर खलाशी आणि ती सासूबरोबर वीटभट्टीवर कामाला गेलेली. महिने भरत आले तेव्हा परतली. म्हणून तिची आधी धड तपासणीच झाली नव्हती. मारिसेलने मला तळहातावर घासलं, तिच्या पोटावर ठेवलं आणि कान लावला.

बाळाचे ठोके लगेच सापडले. भरभर, एकावर एक. मारिसेल हसली. तिने मला थोडं वर, डाव्या कुशीकडे सरकवलं आणि तिचं हसू थांबलं.

तिथे दुसरं काहीतरी होतं. ते धावत नव्हतं. एक ठोका पडायचा, मग रिकामी जागा, मग पुन्हा एक ठोका. जड आणि सावकाश. जुळी बाळं मी आयुष्यात अनेकदा ऐकली होती, पण जुळ्यांची दोन्ही हृदयं धावतात. असं पाऊल टाकत चालणारं हृदय मी कधीच ऐकलं नव्हतं.

"ती आईची नाडी असते," निर्मला सिस्टर म्हणाल्या. "नवीन असताना सगळ्यांना फसवते."

मारिसेलने मान डोलावली. पण कान न उचलता तिने हळूच जमनाचं मनगट धरलं. बोटांखाली नाडी आणि कानात तो ठोका. दोन्ही जुळेनात. मनगटावर ठोका पडे तेव्हा माझ्यात शांतता असे, आणि माझ्यात ठोका पडे तेव्हा मनगट गप्प. तेवढ्यात खालून ती गुरगुर आली. खाट हलली, ताडपत्री फडफडली. जमनाने डोळे मिटून घेतले. जमीन थांबली तरी माझ्यातला तो ठोका पडतच राहिला.

मारिसेल मला हातात धरूनच बाहेर आली. जीपजवळ तिच्या मैत्रिणीने विचारलं, काय झालं. ती इंग्रजीत म्हणाली, "तिच्या पोटात एक आवाज आहे. तो बाळाचाही नाही आणि आईचाही नाही. जमिनीतून वर आल्यासारखा वाटतो."

सुनिल चाक तपासत तिथेच बसला होता आणि त्याला कामापुरतं इंग्रजी कळायचं. त्याचा स्वभाव वाईट नव्हता. त्याने ऐकलं आणि चहाच्या टपरीवर सांगितलं. टपरीवरून ते पाड्यावर गेलं.

दोन दिवसांत जमनाच्या तंबूशेजारचे तंबू दूर सरकले. हापशीवर बायका तिला पुढे करायच्या, पण तिच्यानंतर हंडा लावायच्या नाहीत. तिची सासू पुतळी दवाखान्यात आली आणि अंगणातच उभी राहिली.

"शिष्टर, माझ्या सुनंच्या पोटात भुई शिरली असं सगळे बोलतात. या परदेशी बायनं ऐकलं म्हणं. खरं हाय का?"

"कोण म्हणतं असं? काही शिरलेलं नाही. हिला तलासरीला नेऊन सोनोग्राफी करू, म्हणजे कळेल."

"नाय. आता कुठं नेत नाय. गाडीत बसलेली बाई रस्त्यात हादरली तर कोण बघंल? आमच्याजवळच राहू दे तिला."

सिस्टरनी मारिसेलकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. मारिसेलला भाषा कळत नव्हती, पण काय झालंय ते कळलं. ती खाली बसली आणि तिने चेहरा ओंजळीत झाकला.

दुसऱ्या दिवशी सिस्टरना बरोबर घेऊन ती पाड्यावर गेली. मी तिच्या पिशवीत होते, पण तिने मला बाहेर काढलं नाही. जमना तंबूच्या तोंडाशी एकटीच नाचणीच्या भाकरी थापत बसली होती. मारिसेल तिच्याजवळ बसली. जमनाने भाकरी पुढे केली, तिने खाल्ली. आसपासचे लोक लांबून बघत होते.

"मना पण कळतंय तो," जमना सिस्टरना म्हणाली. "इथं डाव्या अंगाला. बाकी सगळं हलतं, तो हलत नाय. नुसता बसून राहतो. भुई वाजली की मग एकदाच लाथ मारतो."

सिस्टरनी ते मारिसेलला सांगितलं आणि सांगता सांगता त्यांनाही शंका आली. मग जवळ आलेल्या पुतळीला म्हणाल्या, "सोनोग्राफी राहू दे. पण कळा सुरू झाल्या की पाड्यावर थांबू नका. माझ्याकडे आणा. एवढं माझं ऐक."

पुतळीने मारिसेलला विचारलं, "हिचा देव काय बोलतो यावर?"

सिस्टरनी विचारून सांगितलं, "ती म्हणते, देवाने तिला अजून काही सांगितलेलं नाही. ती रोज विचारते."

पुतळीला बहुधा ते खरं वाटलं. कारण चार दिवसांनी, भर दुपारी, तिनेच जमनाला झोळीत घालून आणलं.

तंबूत ऊन ताडपत्रीतून निळं होऊन उतरत होतं. पहिलं बाळ लवकर आलं. मुलगा, रडका, धडधाकट. त्याच क्षणी त्या हिवाळ्यातला सगळ्यांत मोठा हादरा बसला. दवाखान्याची कौलं धडाधड अंगणात कोसळली. सुनिल ओरडला, कोणीतरी पळालं, धूळ तंबूत शिरली. पुतळीने बाळ पोटाशी धरलं. सिस्टरच्या हातात इंजेक्शन तयार होतं. बाळ झाल्यावर गर्भाशय आवळावं, रक्त जास्त जाऊ नये म्हणून ते देतात. एरवी त्या आधी पोटावर हात ठेवून बघतात, पण त्या गडबडीत त्यांची सुई जमनाच्या दंडाजवळ पोचली.

"थांबा," मारिसेल म्हणाली. हा एक शब्द ती मराठीत शिकली होती.

तिने मला जमनाच्या डाव्या कुशीवर टेकवलं. ठोका. रिकामी जागा. ठोका.

"सिस्टर, तुम्ही ऐका."

निर्मला सिस्टरनी सुई बाजूला ठेवली आणि कान लावला. मग त्यांनी पोटावर दोन्ही हात फिरवले. "आहे," त्या म्हणाल्या. "आत आणखी एक आहे. जिवंत आहे." ते इंजेक्शन गेलं असतं तर गर्भाशय त्या बाळाभोवती मुठीसारखं आवळलं असतं.

बऱ्याच वेळाने मुलगी जन्मली. ती रडली नाही. डोळे उघडे होते आणि ती एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होती, घाई नसल्यासारखी. पुतळी मागे सरली. मारिसेलने मला त्या इवल्या छातीवर ठेवलं, आणि तिथे तो होता, तोच जड, सावकाश ठोका. मग तिने पुतळीचा हात धरून तिला जवळ ओढलं आणि तिचा कान चकतीला लावला. पुतळीने ऐकलं. "हिचंच काळीज हाय हे," ती हळू म्हणाली. "भुईचं नाय. हिचं." बाहेर जाऊन तिने उभ्या असलेल्या सगळ्यांना तेच सांगितलं.

मुलीचं हृदय जन्मतःच मंद चालत होतं. सिस्टरनी मायलेकरांना जीपमधून मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथून मुंबईला. मुलीच्या छातीत ठोके नीट पाडणारं एक लहानसं यंत्र बसवलं. आज ती भावाच्या मागे पाड्यावर धावते. तिचं नाव दक्षा.

पण मित्रांनो, त्या दुपारची एक गोष्ट मी अजून सांगितली नाही. मुलगी झाल्यावर पोट आता रिकामं आहे ना, हे पाहायला मारिसेलने मला पुन्हा त्याच कुशीवर ठेवलं. पोट रिकामं होतं. आणि तरीही माझ्यातून ठोका आला. जड. सावकाश. मुलगी त्या वेळी पुतळीच्या मांडीवर होती, आणि जमनाच्या मनगटावरच्या नाडीशीही तो जुळत नव्हता. मारिसेलचा कान माझ्यावर घट्ट दाबला गेला. एक, मग दुसरा, मग तिसरा. तिसऱ्यानंतर खालची जमीन किंचित हलली आणि आवाज थांबला. पुन्हा कधीच आला नाही.

मारिसेलने मान वर केली. सिस्टर विचारत होत्या, "काय आहे?" सुनिल तंबूच्या दारात होता. जमना तिच्याकडे टक लावून बघत होती.

"काही नाही," मारिसेल म्हणाली. "सगळं ठीक आहे." आणि तिने जमनाचा घाम पुसला.

ते फक्त तिने आणि मी ऐकलं. मुली परत गेल्या तेव्हा निघण्याआधी तिने माझ्यातली चीर मेणाने बुजवली आणि मला खणात न ठेवता खिडकीतल्या कोरड्या फळीवर उभं केलं. मी अजून तिथेच आहे. सिस्टर वीज असली तरी मला अधूनमधून वापरतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना ओल लागू देऊ नका, त्यांना अधूनमधून हातात घ्या. आणि कान लावाल तेव्हा पुरतं ऐका, अर्ध्यावर उठू नका. जे ऐकाल त्यातलं ज्याच्याने कोणाचा जीव वाचेल ते लगेच बोला. बाकीचं, ज्याने एखाद्या बाईच्या हंड्यामागे कोणी हंडा लावणार नाही, ते पोटात ठेवायला शिका. मी लाकूड आहे, मला ते सोपं जातं. तुम्हाला प्रयत्न करावा लागेल.